कंपायलर नावाचा माणूस

२ सप्टेंबर

मुंगळ्या,

आणि वर त्या मॅनेजरची हिंमत बघ, मला तोंड वर करून म्हणतो, "बाई, मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." तुझं मशीन! आमच्या घरी पाटावर बसून, तोंडात घास असताना ज्याचं कौतुक करत होतास ते. "भाऊजी, आता पट्ट्यावरून मीठ पळत असतानाच वजन होईल, थांबायलाच नको." हे बिचारे तुझ्या बोलण्याला भुलले आणि कारखान्यात सगळ्यांसमोर सांगून आले की माझ्या मेहुण्याच्या कंपनीचं मशीन आहे, डोळे झाकून घ्या. घेतलं. आणि त्याच मशीनने यांना चोर ठरवलं.

झालं काय ते नीट ऐक. आत येणारं खडेमीठ ट्रकसकट मोठ्या काट्यावर मोजतात. दळून झालं की ते तुझ्या पट्ट्यावरून बाहेरच्या गाड्यांत पडतं, तिथे तुझा काटा. आत आलं तेवढं बाहेर पडत नाही. मधल्या मिठाचं काय झालं, तर म्हणे काटेवाल्याने बाजूला काढलं. पट्ट्याजवळ बसतं कोण? हे. मीठ चोरलं म्हणे. मीठ! सोनं चोरलं म्हणाले असते तर निदान शेजारणींनी जरा आदराने बघितलं असतं.

ऑगस्ट संपता संपता मॅनेजरने यांना खोलीत बोलावलं आणि चार जणांदेखत म्हणाला, खाल्ल्या मिठाला जागला नाहीस. हे घरी आले, चप्पल काढली आणि ती हातात धरून उभेच राहिले. चौकशी होईपर्यंत घरी बसा असं सांगितलंय. त्यांच्या जागी एक टोपीवाला बसवलाय.

मी यांच्या बाजूने बोलून बघितलं. सरकारी माणसाकडून मशीन तपासून घ्या म्हटलं. तर म्हणे गेल्या महिन्याच्या पाच तारखेलाच तपासून गेला, एका किलोचा फरक नाही. आता काय बोलणार?

तू ते मशीन बनवलंस. काय बिघडलंय ते शोध. तुमच्या त्या ऑफिसात माश्या मारत बसला असशील तर ऊठ.

आणि फोन करू नकोस. आमची एक खोली आणि पुढची गॅलरी, हे दिवसभर तिथेच. मी हं म्हटलं तरी त्यांना ऐकू जातं, आणि ते काही विचारत नाहीत, तेच मला सहन होत नाही. पत्र पाठव, पोस्टमनला मी जिन्यातच गाठते.

ताई

*

७ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि तसाच कामाला लागलो, ते अजून उठलेलो नाही. भाऊजींनी एक खडासुद्धा उचलला नसेल हे तू मला सांगायला नको. सगळ्यांच्या आधी मी सांगेन.

पण ताई, मशीन बरोबर आहे. तुमच्या कारखान्यात आहे तसंच एक माझ्या टेबलावर ठेवलंय. खोटा पट्टा चालवला, खोटं मीठ सोडलं, दिवसभर सोडलं, वजन चोख येतं. प्रोग्राम ओळ न् ओळ डोळ्यांखालून घातला. मी एकटा नाही, शेजारच्या बाईंनीही बघितला. त्या चुका काढण्यात वाकबगार आहेत, नवऱ्याच्या तर काढतातच. त्यांनाही काही सापडलं नाही.

म्हणून काही गोष्टी विचारतो, रागावू नकोस. पट्टा कुठे घसरत नाही ना? पट्ट्याखालच्या रुळांवर मीठ साचून घट्ट झालेलं नाही ना? भाऊजी सकाळी रिकामा पट्टा फिरवून काटा शून्यावर आणतात ना, की कधी राहतं? आणि मीठ कमी भरतं ते रोज की ठरावीक दिवशी? हे शेवटचं मला फार हवंय. भाऊजींना सहज बोलता बोलता विचार.

धीर धर. माझ्या हातचं काम आहे, मी सोडणार नाही.

तुझा मुंगळा

*

११ सप्टेंबर

मुंगळ्या,

रागावू नकोस म्हणून विचारतोस आणि वर विचारतोस की हे काटा शून्यावर आणतात का! अरे, हा माणूस घरातला पंखा बंद केला तरी पाती थांबेपर्यंत खाली उभा राहतो. रूळ रोज स्वतः घासतात. शेजारच्या बाईंना म्हणावं, आमच्या घरात चुका काढू नका.

आता तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचं. सहज विचारायला गेले आणि फसले. मी कधी काही सहज विचारतच नाही, त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "तुझ्या भावाला लिहितेस ना? लिही." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा भरभरून बोलले. महिना सुरू होतो तेव्हा सगळं जुळतं. मध्यावर आला की जरा जरा सुटायला लागतं. शेवटच्या आठवड्यात तर बघवत नाही. एक तारीख आली की परत जुळतं. दर महिन्याला हेच. एक तारखेला मशीनचा आकडा पुसून पुन्हा शून्यापासून धरतात, असंही म्हणाले.

हे त्यांनी मॅनेजरलाही सांगितलं होतं, स्वतःहून, भोळेपणाने. तर तो काय म्हणाला असेल? "महिनाअखेरीला हात आखडतो, तेव्हाच मीठ जातं. एक तारखेला पगार झाला की थांबतं. तूच तुझ्या तोंडाने सांगतोयस." झालं. खरं बोलले तेच अंगाशी आलं. तेव्हापासून यांनी बोलणंच सोडलंय.

आणि कमी भरलेलं मीठ गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही. मी विचारते. गाडीत पडलं असेल की! घेणाऱ्याला जास्त मिळालं असेल. तो कशाला सांगायला येतोय? मूग गिळून बसला असेल.

यांचं काय चाललंय ते सांगते. सकाळी वेळेवर उठतात, कामाचे कपडे घालतात, गॅलरीत बसतात. दुपारी कपडे बदलतात. मी काही बोलत नाही. मी! तुला माहीत आहे मला गप्प बसणं किती जिवावर येतं ते.

पाहतो, करतो नको. घाई कर. महिना पुढे सरकतोय.

ताई

*

१५ सप्टेंबर

ताई! सापडलं!

भाऊजींना साष्टांग नमस्कार सांग. त्यांनी सांगितलं नसतं तर मी जन्मभर एका दिवसाचं मीठ मोजत बसलो असतो. तुमच्या मशीनवर आहे तोच प्रोग्राम घालून मी महिन्याचं मीठ एकदम सोडलं आणि आकडा घसरताना माझ्या डोळ्यांनी बघितला.

तुला समजेल असं सांगतो. तूच मला बेरीज शिकवलीस. नऊ आणि चार तेरा, तीन खाली, हातचा एक. हातचा विसरलो की पाठीत धपाटा. तेच इथे झालंय.

मशीन पट्ट्यावरचं मीठ सारखं थोडं थोडं तोलतं आणि एकूण आकड्यात मिळवतं. पण त्याच्या आकड्याला घरं मोजकीच असतात. महिन्याच्या सुरुवातीला आकडा लहान, घरं पुरतात. आकडा फुगला की बारीकसारीक वजनाला घरच उरत नाही, दर वेळी चिमूटभर बाहेर सांडतं. हे आम्हाला माहीत होतं, म्हणून प्रोग्राममध्ये त्यासाठी एक ओळ होती. किती सांडलं ते बाजूला धरायचं आणि पुढच्या वेळी मिळवायचं. आपला हातचाच की!

ओळ बरोबर, मग चुकलं कुठे? आम्ही लिहितो ते मशीनला तसंच्या तसं कळत नाही. मध्ये कंपायलर असतो. तो आमचं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून देतो. गेल्या वर्षी कुणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं की वेग वाढव, गणिताच्या बाबतीत फार काटेकोर राहू नकोस. एवढंच एक सेटिंग. त्याने हातच्याची ओळ बघितली आणि त्याला वाटलं, इथे आकडा मिळवलाय, मग तोच वजा केलाय, म्हणजे उरलं शून्य. वहीतल्या गणितात खरंच शून्य उरतं. मशीनमध्ये नाही उरत, कारण तिथे मध्येच सांडलेलं असतं. त्याला ते कळलं नाही. ही ओळ फालतू आहे असं ठरवून त्याने ती उडवली.

आणि मला का सापडत नव्हतं? चूक शोधायला बसलो की आम्ही कंपायलरला सांगतो, सावकाश कर, काही उडवू नकोस. म्हणजे मी बघत असलो की तो सरळ वागायचा. माझं लक्ष नसलं की ओळ गायब. इतके दिवस मला खुळ्यात काढलं त्याने!

आता चांगली बातमी. सेटिंग बदलून नवा प्रोग्राम मी आजच सगळ्या मशीनवर पाठवला. मशीनमध्ये सिमकार्ड असतं, इथूनच जातो. तुमच्या कारखान्यात सर्वांत आधी. आता एक मूठसुद्धा कमी भरणार नाही.

फक्त कारखान्यात अजून कुठे बोलू नकोस. कंपनी रीतसर कळवेल. साहेबांशी मी बोलतो, ते भले आहेत.

तुझा मुंगळा

*

३ ऑक्टोबर

मुंगळ्या,

तू बोलू नकोस म्हणालास आणि मी बोलले. आधी ते सांगून टाकते. पत्र जिन्यात वाचलं आणि तशीच कारखान्यात गेले. नवऱ्यावर चोरीचा आळ असताना तुझ्या साहेबाच्या रीतसर कळवण्याची वाट बघत बसणारी मी नाही.

मॅनेजर आणि त्याचा कारकून, दोघेच होते. मी उभ्यानेच म्हटलं, "यांच्या हातून काही झालेलं नाही. मशीनवाल्या कंपनीत कंपायलर म्हणून एक माणूस आहे, त्याने हातचा खाल्ला."

"कोण माणूस?"

"कंपायलर. माझा भाऊ लिहून देतो ते हा मशीनच्या भाषेत उतरवतो. कामाची घाई फार. फालतू वाटलं ते उडवून मोकळा होतो. कुणी बघत असलं की सरळ वागतो, नसलं की नाही. तुमच्याकडेही असतील असले."

कारकून खाली बघायला लागला. मला वाटलं वाईट वाटलं त्याला. मग त्याचे खांदे हलायला लागले. म्हणतो, "काकू, आडनाव काय हो त्यांचं?"

मी म्हटलं, "आडनाव मला काय माहीत, माझ्या भावाला विचारा."

मॅनेजरने विचारलंच. तुझ्या कंपनीत फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, मला ऐकू यावा म्हणून. "तुमच्याकडे कंपायलर नावाचे गृहस्थ आहेत का? आमच्या काटेवाल्याची बायको त्यांना भेटायला आलीय." पलीकडे कुणीतरी आधी हसलं. मग दुसराच एक माणूस फोनवर आला, तो हसला नाही. म्हणाला, असा कोणी माणूस आमच्याकडे नाही, आमच्या कोणत्याही मशीनबद्दल तक्रार नाही, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं त्याचं नाव द्या. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी नाव दिलं नाही. पण भावाने सांगितलं हे मी आधीच बोलून बसले होते.

कंपायलर माणूस नसतो हे मला जिन्यातल्या शाळकरी पोरीने सांगितलं. तू का नाही सांगितलंस? सगळं पत्रभर "तो, तो" करतोस. तो सरळ वागतो, त्याला वाटलं, त्याने उडवली, मला खुळ्यात काढलं. जो वागतो, ज्याला वाटतं, त्याला मी माणूस नाही तर काय समजू, पाटा-वरवंटा?

आता यांना सगळे कंपायलर म्हणतात. भाजीवालासुद्धा. "काय कंपायलर, आज काय उडवणार?" यांना त्याचा अर्थही ठाऊक नव्हता. मीच सांगितला.

हे सगळं सोसलं असतं. पण आता खरं काय झालं ते वाच. सप्टेंबर संपला. परवा मेळ लावला. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं तंतोतंत जुळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि सप्टेंबरभर पट्ट्याजवळ कोण बसलं होतं? टोपीवाला.

कळतंय का तुला? काटेवाला घरी बसवला आणि मीठ जायचं थांबलं. मॅनेजरला अजून काय पाहिजे? परवापर्यंत नुसता संशय होता, आता चौकशी लावलीय, पंचवीस तारखेला, सोमवारी. तू दोन आठवडे थांबला असतास तर टोपीवाल्याच्या हाताखालीही कमी भरलं असतं आणि तो आळ आपोआप मशीनवर गेला असता. तू यांच्यासाठीच धावलास, कळतं मला. घाई कर असं मीच लिहिलं होतं. पण झालं ते हे असं झालं.

म्हणून आता माझं ऐक. जुना बिघडलेला प्रोग्राम होता तसा परत बसव. एकच महिना. तिथूनच सिमकार्डावरून जातो म्हणालास ना? मग पाठव. टोपीवाल्याला कमी भरू दे. बघू त्याला काय म्हणतात.

उलट टपाली कळव.

ताई

*

९ ऑक्टोबर

ति. ताईस,

पत्र मिळाले. वाचून वाईट वाटले.

सदर मशीन सध्या पूर्णपणे व्यवस्थित काम करीत आहे. जुनी आवृत्ती पुन्हा बसवणे शक्य नाही. जाणूनबुजून चुकीचे वजन दाखवणे हा गुन्हा ठरेल, आणि मशीनवरील जुना प्रोग्राम काढून टाकण्यात आला आहे. मी यापुढे या मशीनच्या कामावर नाही, मला दुसऱ्या विभागात घेतले आहे. तरी याविषयी मला लिहू नये.

साहेबांशी बोललो होतो. त्यांचे म्हणणे असे, की एका ठिकाणी कबूल केले तर सगळीकडे कबूल करावे लागेल, आणि ते कंपनीला परवडणारे नाही. त्यांची अडचण मला समजते. मीही काही कागदांवर सही केलेली आहे.

भाऊजींनी हे प्रकरण वाढवू नये असे मला मनापासून वाटते. त्यांनी समजुतीने घेतले तर कारखानाही समजुतीने घेईल. दुसरीकडे काम मिळेल. त्यांच्यासारख्या नेटक्या माणसाला कुणीही घेईल.

तुम्ही दोघे तब्येतीला जपा.

आपला,
भाऊ

*

१५ ऑक्टोबर

मुंगळ्या,

हे पत्र तू लिहिलंस की तुझ्या साहेबाने तुझ्या मानेवर बसून लिहून घेतलं? "सदर मशीन." "आपला भाऊ." लहानपणी तुला उचकी लागली की मी पाठ चोळायची, आणि आता तू मला "लिहू नये" म्हणतोस. लिहीन. हवं तितकं लिहीन.

पण एक गोष्ट तुझ्या हातून निसटलीय. की मुद्दाम निसटू दिलीस? "एका ठिकाणी कबूल केले तर सगळीकडे." म्हणजे सगळीकडे. कुठे कुठे आहेत रे ती मशीनं? साखरेच्या पट्ट्यावर, धान्याच्या पट्ट्यावर? तिथेही कुणीतरी काटेवाला असेल. त्याच्याही बायकोने कुणाला तरी पत्रं लिहिली असतील, आणि तिला तर मशीनवाला भाऊही नसेल. तुम्ही एका दिवसात सगळी मशीनं नीट केलीत, आणि त्या दिवसाआधी जे जे काटेवाले हाकलले गेले ते सगळे खरे चोर ठरले. तुझ्या साहेबाला हे कळतं का? तुला कळतं. म्हणून तर तू "सदर" लिहितोस.

तुझ्यावर ओरडून काही उपयोग नाही हे मला आता समजलंय. तुझी नोकरी माझ्या तोंडामुळे गेली असती, थोडक्यात वाचली. मी त्या दिवशी कारखान्यात गेले नसते तर कदाचित तुझ्या साहेबाने ऐकलं असतं. कदाचित नसतंही. असल्या कदाचितांनी माझं डोकं भरलंय.

आता मी हे का लिहितेय ते वाच. मॅनेजर परवा घरी आला होता. गोड बोलत होता, गॅलरीत बसला, पाणी प्यायला. म्हणाला, सोमवारी एका कागदावर सही करा. चोरी म्हणत नाही आम्ही. वजनात माझ्याकडून हलगर्जीपणा झाला, एवढंच लिहा. मग प्रकरण बाहेर जाणार नाही. मी आत भांडी आपटत होते, हे नाही म्हणतील म्हणून वाट बघत होते. हे म्हणाले, "विचार करून सांगतो."

तो गेल्यावर मी म्हटलं, यात विचार कसला? तर हे काय म्हणाले ऐक. "मी आठवतोय," म्हणाले. "एखाद्या वेळी पट्टा चालू असताना मी पाणी प्यायला गेलो असेन. एखाद्या दिवशी शून्य नीट लागलं नसेल. माझ्यावेळी कमी भरायचं, त्याच्यावेळी भरत नाही. मशीन तेच आहे. मग फरक माणसाचाच ना?"

मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. आकड्याची घरं, चिमूटभर सांडणं, बाजूला धरून ठेवायची ओळ, सगळं. मला येईल तसं सांगितलं, दोनदा गोंधळले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. आणि मग हसले. "तुझा कंपायलर ना?" म्हणाले. ऑगस्टपासून पहिल्यांदा हसले, आणि मला वाटलं नसते हसले तर बरं झालं असतं.

चोर म्हटलेलं त्यांनी सोसलं, कारण आपण चोर नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आता तेच सुटत चाललंय. काल दुपारी बघितलं, नुसतेच बसलेत आणि बोटांनी हवेत काहीतरी फिरवतायत. विचारलं तर म्हणाले, रिकामा पट्टा फिरवून काटा शून्यावर आणायची कळ आपण उजवीकडे फिरवायचो की डावीकडे, ते आठवत नाहीये. रोज फिरवायचे ते! आता त्यांना त्यांच्याच हाताची खात्री राहिली नाही. सोमवारी सही करतील, आणि ती खरी समजून करतील. मग मी त्यांना कसं परत आणू?

माझं ऐकत नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले, आणि आता तर साऱ्या कारखान्याला माझ्या नावाने हसता येतं. मी सांगितलेलं खरं असलं तरी आता ते विनोदच आहे. मॅनेजर ऐकणार नाही, तुझा साहेब ऐकणार नाही, ठीक आहे. त्यांचं मला काही नको. तू सही केलीस ते मोड म्हणत नाही, कारखान्यासमोर उभा राहा म्हणत नाही, कुठला कागद आण म्हणत नाही. तुझी नोकरी राहू दे तशीच.

तू फक्त इथे ये. रविवारी ये, गॅलरीत यांच्यासमोर बस, आणि तुझ्या तोंडाने यांना सांग की तुमचा हात चुकला नव्हता. समजावून सांग. एकदा नाही समजलं तर दहादा सांग. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, अजून आहे. मशीन तुझं आहे, म्हणून तू म्हणालास तर ते मानतील. मग सोमवारी सही करायची तर करू देत. पोटासाठी करतील, लाज वाटून नाही. तेवढा फरक मला पाहिजे. त्याच्यापलीकडे काही होणार नाही हे मलाही दिसतंय.

आणि घाबरला असशील आणि यायचं नसेल, तर तसंही लिही. वाईट वाटेल, पण लिही. गप्प बसू नकोस. मी गेटपाशी नजर लावून बसले आणि तू आलाच नाहीस, हे मला या वयात झेपणार नाही.

पत्र चार दिवसांत मिळतं, म्हणजे तुला वेळ आहे. "येतो" लिही नाहीतर "येत नाही" लिही. तिसरं काही लिहू नकोस. शनिवारी, तेवीस तारखेला पोस्टमन शेवटचा येतो, तोपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे.

ताई